आयकर वाढवा, पण वरून वाढवा

म्हाळुंगे, खराबवाडी, नाणेकरवाडी, मेदनकरवाडी इथं चार-चार, सहा-सहा जणांत खोली करून राहणारी आपली पोरं हल्ली सुट्टीला गावी आली की एकच गोष्ट सांगतात. कंपनीच्या बसमध्ये, कॅन्टीनमध्ये त्यांना ऐकवलं जातं, "टॅक्स आम्ही भरायचा आणि फुकट तुम्ही खायचं." रेशन फुकट, घरकुल फुकट, लाडक्या बहिणीचे दीड हजार फुकट, आश्रमशाळा फुकट. पोरं खाली मान घालून ऐकतात. काहींना तर ते खरंच वाटायला लागलंय.

म्हणून या अंकात जमिनीच्या दाव्यांबरोबर आम्ही आयकरावर लिहितो आहोत. काहीजण म्हणतील, आपल्या डोंगरात आयकर भरतो कोण? वनहक्काच्या पट्ट्याचं सोडून हे कुठलं काढलं? पण आयकर किती, कोणावर आणि कशासाठी, या भांडणात आपली रोजगार हमी अडकलेली आहे आणि आपली जमीनही अडकलेली आहे. ते भांडण आपल्या पाठीमागे चाललंय, आपल्याला न विचारता. आमचं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो. आयकर वाढला पाहिजे, तो वरच्यांवर वाढला पाहिजे, आणि त्यातला ठरलेला हिस्सा गावातल्या कामासाठी कायद्याने बांधून ठेवला पाहिजे.

आधी "कर कोण भरतो" हे बघू. केंद्र सरकार बजेटबरोबर एक चित्र छापतं, रुपया कुठून येतो आणि कुठं जातो याचं. २०२५-२६ च्या त्या चित्रात रुपयातले २४ पैसे कर्जाचे आहेत. आयकराचे २२ पैसे, कंपन्यांच्या कराचे १७ पैसे, जीएसटीचे १८ पैसे, उत्पादन शुल्काचे ५ आणि सीमाशुल्काचे ४. जीएसटी आणि उत्पादन शुल्क कोण देतो? जो विकत घेतो तो. घरकुलाला सिमेंट आणलं, त्यावर २०२५ च्या सप्टेंबरपर्यंत २८ टक्के होते. साडेतीनशेच्या एका गोणीत पाऊणशे रुपये कराचे जायचे. पत्रा घेतला, १८ टक्के. अंगाचा साबण, डोक्याचं तेल, पोराचा बिस्किटपुडा, २०२५ च्या सप्टेंबरपर्यंत १८ टक्के. पायातली चप्पल तोवर १२ टक्के. दोनशेचं रिचार्ज मारलं की तीस रुपये कर गेला, मग डोंगरावर रेंज असो की नसो. मोटारसायकलमध्ये लिटरभर पेट्रोल टाकलं की २०२५ मध्ये केंद्राचे वीस रुपयांहून जास्त जायचे, राज्याचा व्हॅट वेगळा. वाड्याच्या किंवा घोडेगावच्या बाजारात जाणारी बाई हे सगळं भरून घरी येते. तिला पावती मिळत नाही म्हणून तिनं भरलं नाही असं कसं? आणि साबणाच्या त्याच वडीवर कंपनीचा मालकही तेवढाच कर भरतो. त्याला तो दिसतसुद्धा नाही. आपल्याला बाजाराच्या पिशवीत दिसतो.

ही गोष्ट आजची नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२७ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात बजेटवर बोलले तेव्हा त्यांनी हेच धरलं होतं. आयकराला किमान उत्पन्नाची मर्यादा असते, त्याच्या खाली कर नाही. पण शेतसाऱ्याला तशी मर्यादा नाही. एका एकरवाल्याला पीक येवो न येवो, सारा भरायचाच, आणि दर जहागीरदाराला जो तोच त्याला. कर हा ऐपतीवर असावा असं त्यांचं म्हणणं होतं. त्याच्याही आधी, रोखीत सारा भरायचा म्हणून आपल्या मुलखातली माणसं सावकाराच्या दारात गेली, गहाणखतं झाली, जमिनी गेल्या. १८७५ साली आपल्याच पुणे जिल्ह्यात सुप्याला लोकांनी सावकारांची खतं जाळली ती काही उगाच नाही. कराची मांडणी चुकली की जमीन जाते, हे आपल्याला नव्याने कोणी शिकवायला नको.

आता २०२५ चं बजेट घ्या. १ फेब्रुवारीला अर्थमंत्र्यांनी जाहीर केलं की नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला कर नाही. नोकरदाराला पावणेतेरा लाखांपर्यंत. टीव्हीवर दिवसभर फटाके. यात सरकारने सोडून दिलेला महसूल, अर्थमंत्र्यांच्याच भाषणातला आकडा, वर्षाला सुमारे १ लाख कोटी. आणि त्याच बजेटात सगळ्या देशाच्या रोजगार हमीला ठेवलेत ८६ हजार कोटी. त्याच्या आदल्या वर्षीही तेवढेच होते, मजुरी वाढली तरी तेवढेच.

कायम कामगाराला, प्राथमिक शिक्षकाला, नर्सबाईला सूट मिळाली याचा आम्हाला राग नाही. पिंपरी-भोसरीच्या युनियनमधला कामगार आपला शत्रू नाही. तोही महागाईत पिचलाय, आणि त्याचा पगार हातात पडायच्या आधी कर कापला जातो, त्याला लपवायला जागा नाही. बारा लाखवाल्याचे ८० हजार वाचले, वाचू द्यात. पण स्लॅब अशा लावल्यात की २४ लाखांच्या वर कितीही मिळवणाऱ्याचे १ लाख १० हजार वाचले. पंचवीस लाखवाल्याचेही आणि कोटीवाल्याचेही. आपल्याकडे रोजगार हमीची मजुरी २०२५ च्या एप्रिलपासून ३१२ रुपये झाली. एका घराने वर्षाचे पुरेपूर १०० दिवस काम केलं (पुरेपूर कोणाला मिळतात ते तुम्हाला माहीत आहे) तर ३१,२०० रुपये होतात. म्हणजे कोटीवाल्या एका माणसाला त्या वर्षी जी सूट दिली, त्यात आपल्या वाडीतल्या साडेतीन घरांची अख्ख्या वर्षाची हमी बसते. आणि तो म्हणणार, फुकट तुम्ही खाता.

वरच्यांचा कर किती खाली आलाय हे पोरांना कोणी सांगत नाही. १९७३-७४ मध्ये सगळ्यात वरच्या उत्पन्नावर अधिभार धरून ९७.७५ टक्के कर होता. एवढा दर होता म्हणून लोक लपवायचे, हे खरं आहे, आणि तो दर परत आणा असं आम्ही म्हणत नाही. पण तिथून सुरू झालेली उतरण थांबलीच नाही. १९८५ ला मृत्यूनंतरच्या इस्टेटीवरचा कर गेला. २०१५ ला संपत्ती कर गेला, कारण काय तर त्यातून वर्षाला हजारेक कोटीच मिळतात. अरे, नीट वसूल केला नाही म्हणून कमी मिळतात ना! २०१९ च्या जुलैत पाच कोटींवरच्या लोकांना अधिभार वाढवला, तेव्हा वरचा दर पावणेत्रेचाळीस टक्क्यांपर्यंत गेला होता. २०२३ ला नव्या पद्धतीत तो ३९ वर आणला. म्हणजे सूट द्यायची तर पाच कोटीवाल्यालाही द्यायची.

आणि कंपन्या? २० सप्टेंबर २०१९ ला गोव्यात पत्रकार परिषद घेऊन कंपन्यांचा कर ३० वरून २२ टक्के केला. नवा कारखाना काढला तर १५ टक्के. वर्षाला १ लाख ४५ हजार कोटी सोडले, हाही सरकारचाच आकडा. आता हिशेब बघा. पगारदार माणसाचं उत्पन्न २४ लाखांच्या वर गेलं की वरच्या रकमेवर ३० टक्के, आणि कंपनीला हजार कोटी नफा झाला तरी २२.

२०२० च्या एप्रिलमध्ये, लॉकडाऊनमध्ये माणसं पायी गावाला निघालेली असताना, आयकर खात्यातल्याच तरुण अधिकाऱ्यांनी एक अहवाल लिहिला. एक कोटीच्या वर उत्पन्न असलेल्यांना काही काळ ४० टक्के कर लावा, नाहीतर मोठ्या संपत्तीवर पुन्हा कर बसवा, आणि तो पैसा गरिबांना द्या, असं त्यात होतं. सरकारने अहवाल झिडकारला आणि तीन वरिष्ठ अधिकाऱ्यांवर कारवाई केली. २०२४ मध्ये लोकसभेच्या प्रचारात वारसा कराचा नुसता शब्द निघाला तर मंगळसूत्र काढून घेणार म्हणून बोंब उठवली. ज्या पक्षाच्या माणसाच्या तोंडून तो शब्द निघाला, तो पक्षसुद्धा आमचा काही संबंध नाही म्हणून मोकळा झाला. आपल्याकडे बाप मेला की वारस नोंदीसाठी तलाठ्याकडे किती खेटे घालावे लागतात? वनपट्ट्यावर आईचं नाव लागायला किती वर्षं लागतात? आणि तिकडे कारखानाच्या कारखाना पोराच्या नावावर जातो, एक रुपया कर नाही, त्याबद्दल तोंड उघडायची सोय नाही.

"कर वाढवला तर कारखाने जातील, तुमच्याच पोरांची नोकरी जाईल." ही भीती आपल्यातही आहे, म्हणून तिच्याकडे नीट बघू. तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना २०२० च्या डिसेंबरात बंद झाला. कंपन्यांचा कर कमी होऊन वर्ष उलटलं होतं. कराची सवलत त्या हजारावर कायम कामगारांना वाचवू शकली नाही, ते नंतर भरपाईसाठी कोर्टाच्या पायऱ्या चढत बसले. २०२२ मध्ये वेदांत-फॉक्सकॉन तळेगावला येणार येणार म्हणून गाजलं. राज्याने मोठ्या सवलती देऊ केल्या होत्या, गुजरातने आपल्या दिल्या, आणि प्रकल्प तिकडे गेला. दोन्ही राज्यं आपल्याच लोकांचा पैसा ओंजळीत घेऊन कंपनीपुढे उभी. पुढच्या वर्षी जुलैत फॉक्सकॉन त्यातूनही बाहेर पडली. कारखाना येतो तो रस्ता, वीज, बंदर, पाणी, जमीन आणि स्वस्तातली पोरं बघून. जमीन शेतकऱ्यांची, एमआयडीसीच्या कायद्याने घेतलेली. पाणी पवनेचं, भामा-आसखेडचं. पवनेच्या बंद पाइपलाइनच्या आंदोलनात ९ ऑगस्ट २०११ ला मावळात पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकरी गेले. भामा-आसखेडचे धरणग्रस्त पुनर्वसनासाठी अजून भांडताहेत. हे सगळं आधीच दिलंय. त्यावर राज्याची सामूहिक प्रोत्साहन योजना आहे, तिच्यात मोठ्या प्रकल्पाला राज्याच्या जीएसटीतला वाटा वर्षानुवर्षं परत मिळतो. आपली बाई साबणावर भरते तो परत मिळत नाही.

आणि सवलतीच्या बदल्यात पोरांना काय मिळालं? ट्रेनी, अप्रेंटिस, कंत्राटी. सात महिने, अकरा महिने, मग ब्रेक. आयटीआय झालेला पोरगा चार कंपन्या फिरून परत भात लावायला घरी. १५ टक्के कराच्या बदल्यात इतके कायम कामगार घ्या, अशी अट कायद्यात कुठंच घातली नाही.

२०२५ मध्ये चाकणचंच एक प्रकरण पेपरात होतं. स्कोडा-फोक्सवॅगनला सीमाशुल्क खात्याने सुमारे १.४ अब्ज डॉलरची, म्हणजे जवळजवळ १२ हजार कोटींची नोटीस दिली आहे. जवळपास अख्खी गाडी सुट्या भागांत वेगवेगळी मागवून कमी शुल्क भरलं, असं खात्याचं म्हणणं. कंपनी म्हणते आम्ही नियमाप्रमाणे भरलं, आणि ती मुंबई उच्च न्यायालयात गेली आहे. निकालाआधी कोणाला चोर म्हणायचं कारण नाही. एवढंच बघा, मोठ्याला आधी नोटीस येते, मग वकील, मग तारीख. आपल्या कंत्राटी पोराच्या पगारातून आधी कापतात आणि मग पगार देतात.

काय कापतात? पगाराच्या चिठ्ठीवर पी.टी. २०० लिहिलेलं असतं ते. हा व्यवसाय कर. फेब्रुवारीत ३००. वर्षाचे २,५०० रुपये. या कराची गोष्ट आपल्या प्रत्येक घरात माहीत असायला हवी, कारण तो आपल्यासाठी जन्माला आला होता.

१९७२ चा दुष्काळ आठवणारी म्हातारी माणसं अजून वाडीवाडीत आहेत. खडी फोडली, सुकडी खाल्ली, त्या वेळची. त्यातून रोजगार हमी उभी राहिली. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी ती कल्पना मांडली होती. पण मागेल त्याला काम द्यायचं तर पैसा कुठून? तेव्हा महाराष्ट्राने जे केलं ते देशात कोणी केलं नव्हतं. १९७५ साली नोकरी-धंद्यावर व्यवसाय कर बसवला. मोटारींवर, विक्री करावर, बागायती जमिनीवर, शहरातल्या बिगर-निवासी मिळकतींवर जादा कर बसवले. आणि हा पैसा रोजगार हमीच्या निधीत जाईल, जेवढा जमेल तेवढीच भर सरकार आपल्या तिजोरीतून घालेल, असं ठरलं. १९७७ मध्ये कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून लागू. पिंपरीच्या औषध कारखान्यातला, टेल्कोतला, आकुर्डीच्या बजाजमधला कामगार महिन्याला चार पैसे देणार आणि त्यातून आंबेगाव-जुन्नरच्या डोंगरात बांध पडणार, रस्ता होणार. शहराच्या मिळकतीवर गावाचा हक्क आहे, हे तेव्हा सगळ्या पक्षांनी कायद्यात लिहून मान्य केलं होतं. फुकटचा शब्द कोणी काढला नव्हता. आपल्याकडच्या कितीतरी पाझर तलावांत, पडकईने पाडलेल्या कितीतरी खाचरांत हमीची मजुरी गेलेली आहे.

मग बिघडलं कुठं? व्यवसाय कर माणशी किती घ्यायचा याची मर्यादा राज्यघटनेत आहे, कलम २७६ मध्ये. आधी ती वर्षाला अडीचशे रुपये होती. १९८८ मध्ये घटना दुरुस्त करून अडीच हजार केली. त्यानंतर आजपर्यंत एक पैसा वाढलेली नाही. म्हणून झालंय काय, की महिना दहा हजारांच्या वर पगार गेला की पुरुषाला अडीच हजार बसतात, आणि कंपनीच्या संचालकालाही तेवढेच. चौदा हजारांवर राबणारा आपला पोरगा आणि महिना चौदा लाख घेणारा साहेब, दोघांचा व्यवसाय कर सारखा! साऱ्याबद्दल बाबासाहेब जे बोलले ते चाकणच्या पगारचिठ्ठीवर आज जसंच्या तसं छापून येतं. जमलेला पैसा वर्षाच्या वर्षाला कामांवर पुरता उतरत नाही ही तक्रारही जुनीच. आता केंद्राचा कायदा आल्यावर तर हा कर कशासाठी बसवला होता ते भरणाराही विसरला आणि घेणाराही.

आमची मागणी सरळ आहे. घटनेतली ही मर्यादा काढा. पंचवीस हजारांच्या आतल्या पगाराला व्यवसाय कर नको. बायकांना पंचवीस हजारांपर्यंत २०२३ पासून माफ आहेच, तो पुरुषांनाही माफ करा. आणि वरच्या पगाराला टक्क्याने लावा, जसा आयकर लागतो. तो पैसा पूर्वीसारखा हमीच्या निधीत जाऊ दे, म्हणजे ठरलेल्या दिवसांनंतरचं काम मागायला गेल्यावर निधी नाही हे उत्तर ऐकावं लागणार नाही.

दुसरा वाद शेतीवरच्या आयकराचा. शेतीच्या उत्पन्नाला केंद्राचा आयकर नाही. १९७२ मध्ये के. एन. राज समितीने मोठ्या शेतीवर कर लावायचा मार्ग सुचवला होता. २०१७ मध्ये नीती आयोगाचे बिबेक देबरॉय म्हणाले, मोठ्या शेतकऱ्याला शहरातल्या माणसासारखाच आयकर लावा. लगेच अर्थमंत्री जेटलींनी सांगितलं, असा काही विचार नाही. सगळ्या पक्षांचे पुढारी या एका बाबतीत गरीब शेतकऱ्याच्या नावाने गळा काढतात. आम्ही विचारतो, नागली-वरई आणि दोन खाचरं भात करणारा माणूस बारा लाखांच्या जवळ तरी पोचतो का? त्याला मर्यादेनेच कर लागणार नाही. ही माफी वाचवते ती त्याला, ज्याचा धंदा पुण्यात, बंगला आपल्या डोंगराच्या कडेला, आणि उत्पन्न कागदावर शेतीचं. शेतीच्या माफीच्या कित्येक प्रकरणांत कागदपत्रं नीट न बघताच माफी दिली गेली, असं महालेखापालांनीही आपल्या अहवालात नोंदवलंय.

यात आपल्या जमिनीचा कसा संबंध येतो ते बघा. आयकराच्या कायद्यात गावाकडची शेतजमीन ही भांडवली मालमत्ता धरलीच जात नाही. पुणे-पिंपरीसारख्या दहा लाखांवरच्या शहराच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या बाहेर, चाकण-राजगुरुनगरसारख्या छोट्या नगरपरिषदेपासून २ किलोमीटरच्या बाहेर जमीन असेल तर विकून झालेल्या नफ्यावर आयकर नाही. हा नियम साध्या शेतकऱ्यासाठी केला असेल. पण एकरी चार लाखांना घ्यायची, एमआयडीसीचा टप्पा किंवा रस्ता जाहीर होईपर्यंत दाबून ठेवायची आणि चाळीस लाखांना फुंकायची, हा ज्याचा धंदा आहे तोही सातबारावर शेतकरीच असतो. त्याचे छत्तीस लाख कागदोपत्री करमुक्त. आपल्या पोराच्या चौदा हजारांतून दोनशे कापले ते मात्र हक्काने. कलम ३६-अ असताना, कलेक्टरच्या परवानगीशिवाय आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला जाता येत नसताना, नाव एकाचं आणि पैसा दुसऱ्याचा असे व्यवहार का होतात याचं एक कारण इथं आहे. तीन पिढ्यांत जमीन कसली नाही आणि पाच वर्षांत तीनदा विकली, अशा नफ्याला पूर्ण आयकर लावा. दलालांची अर्धी घाई तिथंच थंड होईल.

आणि गंमत ऐका. सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये शेती उत्पन्न कशाला म्हणायचं ते ठरवून दिलं. जमिनीत मशागत, पेरणी, लागवड असे मूळ कष्ट केले असतील तर ते शेती उत्पन्न. जंगलात आपसूक उगवलेलं, माणसाचा हात न लागलेलं, ते नाही. म्हणजे फार्महाऊसच्या शेडमधला गुलाब शेती, आणि आपण झाडावर चढून काढलेला, उन्हात वाळवलेला बाळहिरडा शेती नाही. हिरड्याच्या पैशाला कोणी आयकर मागायला येणार नाही, तेवढा तो होतच नाही. पण जंगलात आपण राखण करतो, वणवा विझवतो, झाडं तोडू देत नाही, ते कष्ट कायद्याच्या पुस्तकात दिसत नाहीत, हे वनहक्काच्या दाव्यात पुरावा मागतात तेव्हा आपण अनुभवतोच.

आता घरातलं भांडण. आपल्यातले काही शिकलेले, नोकरीतले भाऊ मागणी करताहेत की ईशान्येतल्या आदिवासींना जशी आयकर माफी आहे तशी महाराष्ट्रातल्या आदिवासींना द्या. आयकर कायद्याखाली नागालँड, मणिपूर, त्रिपुरा, अरुणाचल, मिझोराम, मेघालयाचे डोंगर, लडाख इथल्या अनुसूचित जमातींना ती आहे, ही माहिती बरोबर आहे. ऐकायला मागणी गोड वाटते. पण घोडेगाव प्रकल्पातल्या किती घरांना ती उपयोगी पडेल? बारा लाखांपर्यंत तसाही कर नाही. त्यावर मिळवणारे आदिवासी म्हणजे मोठे अधिकारी, काही डॉक्टर, काही ठेकेदार आणि आमदार-खासदार. त्यांच्यासाठी अख्ख्या जमातीने मोर्चा काढायचा आणि मग कॅन्टीनमध्ये पोरांनी आणखी एक टोमणा ऐकायचा? या मागणीला आमचा पाठिंबा नाही. ज्या आदिवासीची ऐपत झाली त्यानेही भरावा आणि ताठ मानेनं भरावा.

मात्र जिथं लागत नसताना कर कापला जातो तिथं गप्प बसू नका. धरणाच्या, रस्त्याच्या मोबदल्याचे पैसे ज्यांनी बँकेत ठेवीत टाकले, त्यांच्या व्याजातून टीडीएस म्हणून आयकर कापला जातो. वर्षाचं व्याज ५० हजारांच्या वर गेलं की १० टक्के, पॅन कार्ड दिलं नसेल तर २०. तुमचं एकूण उत्पन्न करपात्र नसेल तर दर वर्षी एप्रिलमध्ये बँकेत त्यासाठीचा फॉर्म भरून द्या. मग कापत नाहीत. आधी कापलेला असेल तर विवरणपत्र भरून परत मागता येतो. बँकेतला माणूस हे आपणहून सांगत नाही.

राहिली एक शंका, आणि ती खरी आहे. कर वाढवून सरकारच्या हातात दिला तर तो आपल्यापर्यंत येईल कशावरून? २०२५ च्या मे महिन्यात आदिवासी विकास विभागाचे ३३५ कोटी ७० लाख लाडकी बहीण योजनेकडे वळवले. सरकार म्हणतं, आदिवासी बहिणींनाच दिले, नियमातच आहे. बहिणींना दीड हजार द्या, जरूर द्या, पण आश्रमशाळेच्या आणि वसतिगृहाच्या पैशातून का? वरच्यांचा कर सोडायचा आणि एका गरिबाची ताटली उचलून दुसऱ्या गरिबापुढे ठेवायची, असा हा कारभार. शिवाय केंद्राने अधिभार किंवा उपकर म्हणून कर वाढवला तर त्यातला वाटा राज्यांना द्यावा लागत नाही, सगळा दिल्लीत राहतो. म्हणून आमचा आग्रह मूळ दर वाढवण्याचा आहे, राज्याला त्यातून ४१ टक्क्यांत हिस्सा मिळतो.

आणि पुढचा टप्पा गावातला. पेसा गावांना आदिवासी उपयोजनेचा ५ टक्के निधी थेट मिळतो, तो कशावर खर्च करायचा ते ग्रामसभा ठरवते. आंबेगाव-जुन्नरच्या गावांना याची सवय झाली आहे. जिथं ग्रामसभा जागी आहे तिथं हिशेब भिंतीवर लागतो, जिथं नाही तिथं ग्रामसेवक आणि सरपंच दोघांतच ठरतं. हमीचा पैसाही याच वाटेने, ग्रामसभेच्या ठरावाने खर्च झाला पाहिजे. खेडच्या पश्चिम पट्ट्यातली आणि मावळातली आदिवासी गावं अनुसूचित क्षेत्रात नाहीत, त्यांना हा ५ टक्के निधीही नाही. त्यांचा समावेश करा ही मागणी याला जोडूनच आहे.

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेला पोरं सुट्टीवर असतात. त्यांना पगाराची चिठ्ठी बरोबर घेऊन यायला सांगा, पुरुषांनी आणि कंपनीत जाणाऱ्या पोरींनीही. पंचवीस हजारांच्या आत पगार असून बाईच्या चिठ्ठीवर पी.टी. कापलेला दिसला तर ठेकेदाराला लेखी जाब विचारायचा आहे, अर्ज आम्ही लिहून देऊ. कलम २७६ ची मर्यादा काढावी आणि व्यवसाय कर टक्क्याने लावून हमीच्या निधीत टाकावा, असा ठराव त्याच सभेत घ्या. ठरावाचा नमुना या अंकाच्या मागच्या पानावर आहे. सह्या-अंगठे घेऊन एक प्रत तहसीलदाराला, एक आमदाराला, एक खासदाराला द्या आणि तिन्ही ठिकाणी पोच घ्या.